माझ्या एका कंबरेसाठी पाच-पाच तज्ज्ञ कशाला?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ४४ वर्षांच्या आहेत आणि हिशेबाच्या कामाची बैठी नोकरी करतात. अडीच वर्षांपूर्वी कपाट सरकवताना त्यांच्या कंबरेत लचक भरली, तेव्हापासून कंबर दुखतेच आहे. एमआरआयमध्ये कंबरेतल्या एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आलेली दिसली. शस्त्रक्रियेची गरज नाही असं दोन डॉक्टरांनी सांगितलं. मग तीन ठिकाणी फिजिओथेरपी झाली. शेक, करंट, वजन लावणं, कंबरेला पट्टा. प्रत्येक वेळी दोन दिवस बरं वाटायचं, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता त्या वाकत नाहीत, काही उचलत नाहीत, रात्री झोपमोड होते, बाहेर जाणं जवळपास बंद झालं आहे. एका वेलनेस क्लिनिकने त्यांना १२ आठवड्यांचा कार्यक्रम सुचवला आहे. त्यात फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं आणि नोकरी दुखण्यासह कशी करायची ते शिकवणारे), पुनर्वसनाचे (रुग्णाला पुन्हा हिंडतं-फिरतं करण्याचे) डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ अशी पाच माणसं आहेत. त्या विचारतात, ‘मला एकच चांगला माणूस हवा आहे, जो दुखण्याचं मूळ शोधून काढेल. इतक्या जणांची गरज काय? आणि मानसशास्त्रज्ञ कशाला? माझं दुखणं खोटं आहे असं त्यांना वाटतं का? घरचे म्हणतात, आराम कर, कंबर सांभाळ. मी काय करू?’

ताई,

तुमच्या प्रश्नांपैकी सगळ्यात जास्त टोचणारा प्रश्न मानसशास्त्रज्ञाचा आहे, हे पत्र वाचताना जाणवत राहिलं. म्हणून तिथूनच सुरुवात करते. तुमचं दुखणं खरं आहे. जगभरातल्या वेदनातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्यासोबत एक टीपही जोडली: एखादी व्यक्ती आपल्याला दुखतं आहे असं सांगते, तेव्हा तिच्या सांगण्याचा आदर केला पाहिजे. त्याच व्याख्येत वेदना हा शरीराचा आणि भावनेचा, दोन्ही मिळून एक अनुभव मानला आहे. हे सगळ्यांच्याच वेदनेबद्दल आहे. ताज्या फ्रॅक्चरच्या वेदनेलाही ते लागू आहे. त्यामुळे यादीत मानसशास्त्रज्ञाचं नाव आलं म्हणजे तुमच्यावर संशय घेतला, असा अर्थ निघत नाही. अडीच वर्षं दुखणं अंगावर काढणाऱ्या माणसाची झोप, भीती, कामाची काळजी यांकडे कुणीतरी लक्ष द्यायला हवं, हे त्या क्लिनिकच्या लक्षात आलं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तरीही तुम्हाला वाईट का वाटलं, ते मी समजू शकते. दुखणं दिसत नाही. रक्त नाही, प्लास्टर नाही. अशा माणसाला ‘मनाचं आहे’ हे शब्द आयुष्यात एकदा तरी कुणीतरी ऐकवलेले असतात, आणि ते विसरले जात नाहीत.

आता ‘दुखण्याचं मूळ’ या तुमच्या शब्दांकडे वळते, कारण तुमचे बाकीचे बरेचसे प्रश्न त्यातूनच उगवले आहेत. तुम्ही धरून चालला आहात की कंबरेत कुठेतरी एक बिघडलेली जागा आहे, ती सापडली की दुरुस्त होईल, आणि दुखणं टिकून आहे याचाच अर्थ ती जागा अजून बिघडलेली आहे. नव्या दुखापतीत हे बऱ्याच अंशी खरं असतं. अडीच वर्षांनंतर मात्र गोष्ट इतकी सरळ राहत नाही.

तुमचा एमआरआयच घ्या. २०१५ मध्ये काही संशोधकांनी, ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा ३,००० हून अधिक माणसांच्या मणक्यांच्या प्रतिमांचे अभ्यास एकत्र केले. वयाच्या चाळिशीत अशा निरोगी माणसांपैकी सुमारे ५० टक्क्यांच्या मणक्यांत गादी बाहेर आलेली दिसली आणि ६८ टक्क्यांच्या गाद्यांची झीज झालेली दिसली. हो, ज्यांचं काहीही दुखत नाही त्यांच्या. म्हणजे तुमच्या अहवालातलं ते वाक्य चुकीचं नाही, पण तुमच्या वयाच्या दर दोन माणसांमागे एकाच्या अहवालात ते सापडू शकतं. तुमच्या आजच्या दुखण्याचा सगळा भार त्या एका गादीवर टाकणं अन्यायाचं होईल, आणि त्या वाक्याला घाबरून तुम्ही वाकणं सोडून दिलंत, हे मला त्याहून जास्त खुपतं.

मग दुखतं का? दुखावलेले स्नायू आणि सांधे भरून येतात, पण वेदनेचा संदेश वाहून नेणारी मज्जासंस्था कधीकधी हळवी होऊन बसते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तशी ती साध्या हालचालीलाही धोका समजून जोरात कळ पाठवते. अपुरी झोप तिला आणखी हळवी करते. वाकताना वाटणारी भीती स्नायू आवळून ठेवते, आणि आवळलेले स्नायू पुन्हा दुखतात. हालचाल कमी झाली की ताकद जाते, मग पूर्वी सहज होणाऱ्या कामानेही दुखायला लागतं. ताई, तुमच्या पत्रात हे सगळे धागे आहेत. वाकत नाही, झोपमोड होते, बाहेर जात नाही, असं तुम्ही एका दमात लिहून गेलात आणि त्याला परिणाम म्हणून सोडून दिलंत. मला वाटतं, आजच्या घडीला ती कारणंही आहेत. आणि हे ऐकायला जड असलं तरी त्यात दिलासा आहे. गादीची झीज कुणाला उलटवता येत नाही. झोप, भीती आणि ताकद या तिन्हींवर मात्र काम करता येतं.

इथे मानसशास्त्रज्ञाचं काम कळतं. कोचावर बसवून बालपणाबद्दल विचारतील, अशी कल्पना असेल तर ती बाजूला ठेवा. पुनर्वसनात काम करणारे मानसशास्त्रज्ञ बहुतेक अगदी व्यवहारी गोष्टी विचारतात. वाकायच्या आधी मनात नेमका कोणता विचार येतो? दुखणं अचानक वाढलं की पुढचे दोन दिवस तुम्ही काय करता? रात्री जाग आल्यावर घड्याळ बघता का? मग फिजिओथेरपिस्ट ज्या दिवशी तुम्हाला पहिल्यांदा वाकायला लावणार असतील, त्या दिवसाची तयारी दोघं मिळून करून घेतात. चांगल्या ठिकाणी ही दोन कामं वेगवेगळी राहतच नाहीत.

आधीच्या तीन फिजिओथेरपींबद्दलही थोडं बोलायला हवं. शेक, करंट, वजन लावणं, पट्टा. या सगळ्यात तुम्ही पडून राहता आणि उपचार तुमच्यावर केले जातात. त्या वेळी बरं वाटतं, आणि तसं वाटण्यात काही गैर नाही. पण कोणते उपचार द्यावेत हे डॉक्टरांना सुचवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अल्ट्रासाउंडचा शेक, टेन्स आणि इंटरफेरेन्शियल हे करंटचे प्रकार, ट्रॅक्शन म्हणजे वजन लावणं आणि कंबरेचे पट्टे हे देऊ नयेत असंच म्हटलं आहे. मालिश किंवा हाताने केलेले उपचार द्यायचे तर व्यायामाच्या जोडीनेच, असंही त्यात आहे. याच सूचना सांगतात की दुखणं लांबलं असेल, आधीच्या उपचारांनी गुण आला नसेल किंवा भीती, निराशा यांसारख्या गोष्टी बरं होण्याच्या आड येत असतील, तर शारीरिक आणि मानसिक उपचार एकत्र असलेल्या कार्यक्रमाचा विचार करावा. तुमचं पत्र या वर्णनात बसतं. तेव्हा ‘फिजिओथेरपी करून झाली, उपयोग नाही’ हा निष्कर्ष मी आज काढणार नाही. तुम्हाला तीनदा मशीन लावून झालं आहे. फिजिओथेरपी म्हणण्यासारखी व्यायामाची बाजू तुमच्या वाट्याला अजून आलेलीच दिसत नाही.

आता त्या पाच जणांकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करणारे अमेरिकेतले भूलतज्ज्ञ जॉन बोनिका यांना हाच प्रश्न पडला होता. जखम भरली तरी काहींचं दुखणं जात नव्हतं. एकेका तज्ज्ञाकडे स्वतंत्रपणे पाठवून फारसं हाती लागेना, तेव्हा वेगवेगळ्या विषयांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून एकाच रुग्णाबद्दल बोलायला हवं, असा त्यांचा आग्रह सुरू झाला. १९६० च्या सुमारास वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी सहकाऱ्यांबरोबर असं वेदना केंद्र उभं केलं. त्यात महत्त्वाचं होतं ते एकत्र बसून बोलणं. पाच तज्ज्ञ एका छताखाली असतील आणि प्रत्येकाकडे तुमची वेगळी फाइल असेल, तर तुम्ही आतापर्यंत तीन दारं फिरलात, आता पाच फिराल. एवढाच फरक.

तेव्हा ‘एकच चांगला माणूस हवा’ ही तुमची इच्छा मी सोडून द्यायला सांगणार नाही. ती थोडी वेगळ्या जागी नेऊ या. तुमच्या कार्यक्रमाचा एक जबाबदार माणूस हवाच. सगळं कुणाला सांगायचं, दुखणं वाढलं तर फोन कुणाला करायचा, हे तुम्हाला नावानिशी माहीत असलं पाहिजे. बाकीचे त्या माणसाशी आणि एकमेकांशी बोलत असले पाहिजेत.

अशा कार्यक्रमांचा उपयोग होतो का, याचं प्रामाणिक उत्तर आहे: होतो, पण चमत्कार घडत नाही. उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१४ साली असे ४१ अभ्यास तपासले. लांबलेली कंबरदुखी असलेली ६,८५८ माणसं त्यांत होती. नेहमीच्या उपचारांपेक्षा एकत्रित पुनर्वसनाने वेदना आणि रोजच्या कामांतली अडचण दोन्ही कमी झाल्या, मात्र हा फरक माफकच होता. नुसत्या शारीरिक उपचारांशी तुलना केली, तर कामावर टिकून राहण्याच्या बाबतीत एकत्रित कार्यक्रम उजवा ठरला. संशोधकांनी हेही म्हटलं की यात वेळ आणि पैसा बराच जातो, म्हणून त्रास किती आहे ते पाहून ठरवावं. चार आठवडे कंबर धरलेल्या माणसाला मी हा सल्ला दिला नसता. अडीच वर्षं दुखण्यात अडकलेल्या, नोकरी करणाऱ्या बाईला देते.

पण सही करण्याआधी क्लिनिकमध्ये जाऊन बसा आणि बोला. पहिला प्रश्न: तुम्ही सगळे माझ्याबद्दल एकत्र कधी बोलता? ‘दर आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी बसतो’ असं ठोस उत्तर आलं तर उत्तम. ‘आमचं बोलणं होतच असतं’ असं आलं तर आणखी खोदा. मग विचारा, प्रगती कशी मोजणार? कंबरदुखीसाठी ऑस्वेस्ट्री नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. दुखण्यामुळे बसणं, उभं राहणं, झोपणं, प्रवास यांत किती अडतं ते त्यातून टक्क्यांत कळतं. ती किंवा तिच्यासारखी दुसरी कुठलीही असो. पहिल्या दिवशी, मध्ये आणि शेवटी भरून घेत असतील, तर ते स्वतःचं काम तपासायला तयार आहेत असं समजा. प्रत्येक वेळेचा किती भाग तुम्ही स्वतः हालचाल करण्यात जाणार आणि किती भाग पडून राहण्यात, हेही विचारा. पडून राहण्याचा भाग मोठा असेल तर नाव वेलनेस असो की आणखी काही, तुम्ही चौथ्यांदा तेच विकत घेत आहात. आणि बारा आठवड्यांचे पैसे आधी भरण्याचा आग्रह असेल, तर चार आठवड्यांनी आढावा घेऊन पुढचं ठरवू, असं सांगून बघा. ज्यांना आपल्या कामाची खात्री असते त्यांना ही अट सहसा जड जात नाही. ‘पूर्ण बरं करतो, हमी’ असं कुणी म्हणालं तर मात्र तिथून उठा.

आहारतज्ज्ञाच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. वजन, मधुमेह किंवा खाण्याच्या तक्रारीबद्दल तुमच्या पत्रात काही नाही. त्यांची गरज का वाटली ते विचारा. पटण्यासारखं कारण नसेल तर ते वगळायला सांगा. रुग्णाला काय हवं यावरून संघ ठरावा, संघात कोण आहे यावरून रुग्णाची गरज ठरू नये. ऑक्युपेशनल थेरपिस्टला मात्र वगळू नका, हे नाव तुम्हाला सगळ्यात अनोळखी असलं तरी. दिवसाचे आठ तास तुम्ही खुर्चीत आहात. खुर्ची, संगणकाचा पडदा, मधल्या उठण्याच्या वेळा आणि फायली उचलण्याची पद्धत, हे सगळं त्यांच्या हातातलं आहे, आणि तुमचं दुखणं बरंचसं तिथेच दिवस काढतं.

क्लिनिक झेपणार नसेल, किंवा जवळपास असं काही नसलेल्या वाचकांचं काय? कॉक्रेनच्या त्या आढाव्यात एकत्रित कार्यक्रमाची किमान अट होती: एक शारीरिक बाजू, आणि तिच्या जोडीला मानसिक किंवा कामाशी-समाजाशी जोडलेली निदान एक बाजू. म्हणजे व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट आणि दीर्घ दुखण्यात काम केलेला समुपदेशक, एवढ्या दोघांवरही सुरुवात होते. त्या दोघांना एकमेकांचे नंबर द्या आणि ‘माझ्याबद्दल बोला’ अशी लेखी परवानगी द्या. एका वहीत दोघांच्या सूचना लिहा आणि ती वही दोन्हीकडे न्या. तज्ज्ञ आपणहून एकत्र येत नसतील, तर ती वही त्यांना एकत्र आणते.

आणि एक गोष्ट तुम्ही उद्यापासून घरीच सुरू करू शकता. बऱ्या दिवशी तुम्ही सगळी साचलेली कामं उरकता आणि पुढचे तीन दिवस झोपून काढता, असं होतं का? बहुतेकांचं होतं. बोनिकांच्याच विद्यापीठात काम केलेले मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी यावर साधा उपाय रुजवला: दुखेपर्यंत काम करायचं नाही, ठरलेल्या वेळेपर्यंत करायचं. समजा, बऱ्या दिवशी तुम्ही ४० मिनिटं सलग बसू शकता आणि वाईट दिवशी २०. सरासरी ३० झाली. त्याहून थोडं कमी, २४-२५ मिनिटं, इथून सुरू करा. पंचविसाव्या मिनिटाला उठायचं, दुखत नसलं तरी. दोन मिनिटं चालायचं आणि पुन्हा बसायचं. आठवडाभर हे जमलं की दोन-तीन मिनिटं वाढवायची. चालणं, उभं राहणं, वाकणं, सगळ्याला हाच हिशेब. आकड्यांत काम करणाऱ्या तुमच्यासारखीला हे जमेल, याची मला खात्री आहे. मध्ये एखादा वाईट दिवस येईलच. त्या दिवशी आकडा थोडा खाली आणा, शून्यावर नेऊ नका.

काही लक्षणं मात्र वेगळी असतात, ती इथल्या प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवावीत. मांड्यांच्या आतला भाग, गुदद्वार आणि जननेंद्रियाभोवतीची जागा बधिर होणं, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा सुटणं, पायांतली ताकद वाढत्या वेगाने जाणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. सकाळपर्यंत थांबू नका. ताप, कारण नसताना घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग किंवा मोठा मार लागल्यानंतरची कंबरदुखी असेल, तर व्यायामाआधी डॉक्टरांची तपासणी हवी. कार्यक्रमातल्या पुनर्वसनाच्या डॉक्टरांचं पहिलं काम तेच असतं, म्हणून त्यांच्या भेटीत संकोच न करता सगळं सांगा.

राहिले घरचे. ‘आराम कर’ असं ते मायेनेच म्हणतात. पण तुमच्या हातातली प्रत्येक पिशवी कुणीतरी काढून घेतं, तेव्हा तुमची कंबर नाजूक आहे हे तुम्हाला दिवसातून दहा वेळा सांगितलं जातं. हे त्यांना तुम्ही समजावायला गेलात तर वाद होईल. तो स्वतःवर ओढवून घेऊ नका. नवऱ्याला किंवा घरात जे सगळ्यात जास्त काळजी करतात त्यांना क्लिनिकमधल्या पहिल्या बैठकीला बरोबर न्या. कोणती मदत चालू ठेवायची, कोणती हळूहळू बंद करायची आणि दुखणं वाढलेल्या दिवशी घरच्यांनी तुम्हाला काय म्हणायचं, हे फिजिओथेरपिस्टला त्यांच्यासमोर विचारा. आणि घरी परतताना पिशवी हलकी असेल तर ती तुम्ही धरायची, हेही तिथेच ठरवून घ्या.